हलत्या चित्रणाचे स्थिरीकरण : एक अभ्यासपाठ

प्रास्ताविक

दिनांक ७ डिसेंबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची अंत्ययात्रा राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत निघाली. त्या यात्रेचे चित्रण साहित्यिक व चित्रपटनिर्माते नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. आज आपण त्या दिवसाची जी हलती दृश्ये पाहतो, ती त्यांच्यामुळे. लाखोंचा जनसागर, मधून वाट काढणारी यात्रा आणि तिच्याबरोबर चालणारा कॅमेरा, अशा वेळी चित्र हलणारच. त्या हलण्याचा दोष कोणी व्हटकरांना देणार नाही. परंतु आज ते अथवा तशा प्रकारचे कोणतेही चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवायचे झाल्यास एक प्रश्न पुढे येतो. मूळ चित्राला धक्का न लावता त्यातील थरथर कमी करता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्यामागील विद्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी सोपी आहे. तिला मोशन ट्रॅकिंग, म्हणजे हालचालीचा माग काढणे, असे म्हणतात. आपल्या विद्यालयातील वर्धापनदिन, १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरील अभिवादन, धम्मचक्र प्रवर्तन दिन, शेतावरची सहल या सर्वांची चित्रणे आज विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मोबाईलमध्ये आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या घरी त्याहून जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत. हा सर्व समाजाचा दस्तऐवज आहे. तो नीट पाहता यावा आणि नीट करण्याच्या ओघात त्यातील काही नाहीसे होऊ नये, या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत पाठात आम्ही करीत आहोत.

कंपनाचे तीन प्रकार

पडद्यावर चित्र थरथरते तेव्हा त्याचे कारण प्रथम ओळखले पाहिजे. कारण निराळे तर उपायही निराळा.

पहिला प्रकार हाताच्या कंपनाचा. श्वास, पावले, गर्दीचा धक्का यांमुळे कॅमेरा हलतो. संपूर्ण चित्र एकदम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकते अथवा किंचित कलते. मोशन ट्रॅकिंगचा उपाय मुख्यतः याच प्रकारावर चालतो.

दुसरा प्रकार फिल्मच्या यंत्रणेचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात आणि सेकंदाला २४ चित्रे या वेगाने दीड फूट फिल्म सरकते. प्रत्येक चित्र कॅमेऱ्याच्या खिडकीपुढे क्षणभर थांबते. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत दात अडकून ती पुढे ओढली जाते. छिद्रे झिजली अथवा वर्षानुवर्षे फिल्म आकसली की चित्र नेमक्या जागी थांबत नाही, ते डोलते. येथे मात्र एक सोय आहे. फिल्म छिद्रांसह स्कॅन केलेली असेल तर छिद्र हीच खूण धरून प्रत्येक चित्र आपल्या जागी बसवता येते. जीर्ण चित्रपटांच्या पुनरुज्जीवनात हे काम आधी उरकतात, कारण यंत्राचे डोलणे दूर केल्याशिवाय हाताचे कंपन वेगळे दिसत नाही.

तिसरा प्रकार व्हिडिओ कॅसेटचा. जुन्या कॅसेटमध्ये चित्राच्या आडव्या रेषा एकमेकींपासून डावी-उजवीकडे सरकतात आणि भिंतीची सरळ कड नागमोडी दिसते. यात संपूर्ण चित्र हललेले नसून चित्राच्या आत रेषा विस्कटलेल्या असतात. त्यावर मोशन ट्रॅकिंग चालत नाही. कॅसेट संगणकात उतरवतानाच रेषांचा काळ जुळवणारे उपकरण मध्ये लावावे लागते. येथे विलंब परवडणारा नाही. कॅसेट चालवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन जगात २०१६ साली थांबले. चालू स्थितीतील यंत्रे दरवर्षी कमी होणार आणि चुंबकीय फीतही झिजत जाणार.

थरथर होऊच नये म्हणून

रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा तो टाळणे केव्हाही इष्ट. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले. त्या काळच्या जड कॅमेऱ्यांचे हँडल हाताने फिरवावे लागे. त्यामुळे कॅमेरा तिकाटण्यावरच बसवावा लागे आणि चित्र जागचे हलत नसे. पुढे कॅमेरे हलके झाले, हातात आले आणि थरथरही आली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील गॅरेट ब्राऊन यांनी स्टेडीकॅम हे साधन तयार केले. अंगावरील पट्टे, स्प्रिंगचा बाहू आणि खाली-वर विभागलेले वजन यांच्या योगाने चालणाऱ्या माणसाची पावले कॅमेऱ्यापर्यंत पोचेनाशी झाली.

आजच्या अनेक मोबाईलमध्ये भिंग सूक्ष्म सरकवणारी यंत्रणा असते. शिवाय फोन किती फिरला हे मोजून चित्र उलट दिशेने सरकवणारी सोयही असते. तरीही दोन्ही कोपरे छातीशी टेकवणे, भिंतीला अथवा खांबाला पाठ लावणे आणि चित्रणाच्या आरंभी व शेवटी पाच सेकंद फोन न हलवणे, या तीन सवयींइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

माग काढणे म्हणजे काय?

आता मूळ विद्येकडे वळू. समजा, पहिल्या फ्रेममध्ये आपण एका खिडकीचा कोपरा निवडला आणि त्याभोवती २१ बाय २१ पिक्सेलचा लहान चौकोन आखला. या चौकोनातील ४४१ पिक्सेलांची उजळ-काळोखी मांडणी हा त्या कोपऱ्याचा जणू ठसा होय. पुढच्या फ्रेममध्ये तो कोपरा थोडा सरकलेला असणार. म्हणून आपण त्याच जागेभोवती ७१ बाय ७१ पिक्सेलचा मोठा चौकोन घेतो आणि संगणकाला सांगतो की या हद्दीत तो ठसा कोठे जुळतो ते शोध. लहान चौकोन मोठ्या चौकोनात आडव्या ५१ आणि उभ्या ५१, म्हणजे एकूण २६०१ जागी ठेवता येतो. ज्या जागी फरक सर्वांत कमी, ती कोपऱ्याची नवी जागा. हीच कृती पुढच्या, त्याच्या पुढच्या फ्रेमवर करीत गेले की कोपऱ्याचा संपूर्ण प्रवास अंकांत हाती येतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास एका मिनिटात १५०० फ्रेम होतात. माणसाला कंटाळवाणे असलेले हे काम संगणक झटपट करतो.

या उदाहरणातून एक मर्यादाही दिसते. मोठा चौकोन प्रत्येक बाजूला २५ पिक्सेलच पुढे आहे. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत हात ३० पिक्सेल हलला तर खूण हद्दीबाहेर जाते आणि माग तुटतो. अशा वेळी शोधाची हद्द वाढवावी. मात्र हद्द फार मोठी केली तर तशाच दिसणाऱ्या शेजारच्या खिडकीवर संगणक जाऊन बसण्याचा धोका असतो.

प्रत्येक वेळी नेमका सर्व जागांचा शोध घ्यावा लागतो असे नाही. ब्रूस लुकास आणि ताकेओ कानादे यांनी १९८१ साली उजेडाच्या चढ-उतारावरूनच सरकण्याची दिशा व अंतर काढण्याची पद्धत मांडली. आजही अनेक सॉफ्टवेअरांच्या मुळाशी तिचीच बीजे आहेत.

कोपराच का?

वर्गात आम्ही एक साधा प्रयोग करतो. पुठ्ठ्याला एक रुपयाच्या नाण्याएवढे गोल छिद्र पाडावे आणि त्यातून खाली सरकणारा कागद पाहावा. कागद कोरा असेल तर तो सरकला की नाही हेच कळत नाही. त्यावर एकच सरळ रेघ असेल तर रेघेच्या आडव्या दिशेची हालचाल कळते, परंतु कागद रेघेच्याच दिशेने सरकला तर काहीच बदललेले दिसत नाही. दोन रेघांचा कोपरा छिद्रात असेल तर मात्र कोणत्याही दिशेची हालचाल तत्काळ उमगते.

म्हणून कोऱ्या भिंतीवर, आकाशावर किंवा लांब तारेवर खूण ठेवू नये. खिडकीचा कोपरा, पाटीवरील अक्षर, दगडी पायरीचे टोक, दिव्याच्या खांबाचा माथा या चांगल्या खुणा होत. १९९४ साली जियानबो शी आणि कार्लो तोमासी यांनी माग काढण्यास योग्य बिंदू कोणते याची गणिती कसोटी दिली. तिचा सारांश आपल्या पुठ्ठ्याच्या प्रयोगात आला आहे.

स्थिर काय आणि हलते काय?

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. खूण ठळक असणे पुरेसे नाही, ती जगात स्थिर असली पाहिजे. निळा झेंडा ठळक असतो, पण तो वाऱ्याने फडकतो. नेरूळच्या पाणथळीतील रोहित पक्षी ठळक असतात, पण ते चालतात आणि पाणीही हलते. त्यांच्यावर खूण ठेवली तर पक्षी जागच्या जागी खिळेल आणि खाडीकाठ डोलू लागेल. तेथे पलीकडच्या इमारतीचा कोपरा अथवा चिखलात रुतलेला खुंट धरावा.

आपोआप स्थिरीकरण करणारी सॉफ्टवेअरे शेकडो बिंदू स्वतःच निवडतात. त्यांतील बरेच बिंदू खोटे ठरतात, म्हणून ती जुळणी तपासतात. काही बिंदू यदृच्छया उचलून त्यांवरून कॅमेऱ्याची हालचाल काढायची, उरलेल्यांपैकी किती बिंदू तिच्याशी सहमत आहेत ते मोजायचे, असे पुन्हा पुन्हा करून सर्वाधिक सहमतीचे उत्तर स्वीकारायचे. मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी १९८१ साली मांडलेली ही पद्धत फार उपयुक्त आहे. परंतु ती बहुमतावर चालते, आणि मिरवणुकीत बहुमत हलणाऱ्यांचे असते. शेकडो माणसे एकाच दिशेने एकाच संथ गतीने चालत असतील आणि मागे इमारतींची जेमतेम एक पट्टी दिसत असेल, तर सॉफ्टवेअर गर्दीलाच स्थिर समजते. मग माणसे जागच्या जागी पावले टाकताना दिसतात आणि रस्त्याकडेची घरे मागे घसरू लागतात. बघणाऱ्याला काहीतरी चमत्कारिक वाटते, पण काय ते सांगता येत नाही.

म्हणून मिरवणूक, अंत्ययात्रा, मोर्चा यांच्या चित्रणात खुणा माणसाने स्वतः निवडाव्यात. दादरच्या रस्त्यावरील यात्रा असो अथवा ऐरोलीच्या स्मारकाकडे निघालेली १४ एप्रिलची मिरवणूक, माणसांच्या डोक्यांवरून दिसणाऱ्या सज्जांचे कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, विजेचे खांब हेच खरे आधार. कोणती गोष्ट जागची हलत नाही हे दृश्य समजलेल्या माणसाला कळते. यंत्राला फक्त पिक्सेल दिसतात.

जवळचे आणि दूरचे

आणखी एक बारकावा आहे. मानखुर्दहून वाशीकडे येताना हार्बर लोकलच्या खिडकीतून पाहिले असता खाडीपुलाचे कठडे झर्रकन मागे जातात, पलीकडचा मोटारींचा पूल सावकाश सरकतो आणि पारसिकचे डोंगर जवळपास जागचे हलत नाहीत. कॅमेरा आडवा सरकला की असेच होते. १ मीटरवरील वस्तू चित्रात जितकी सरकते, त्याच्या फक्त दहावा भाग १० मीटरवरील वस्तू सरकते. कॅमेरा नुसता जागच्या जागी वळला तर मात्र जवळचे आणि दूरचे जवळपास सारखेच सरकते.

याचा अर्थ असा की चालता चालता केलेल्या चित्रणात सर्वच वस्तू एकाच वेळी स्थिर करणे साध्या सरकवण्याने शक्य नाही. मग काय स्थिर असावे हे ठरवावे लागते. व्यासपीठावरील वक्ता महत्त्वाचा असेल तर खूण व्यासपीठाच्या कडेवर, म्हणजे वक्त्याइतक्याच अंतरावर धरावी. मागच्या डोंगरावर धरू नये.

दुरुस्तीचे गणित

माग हाती आल्यावरचे गणित अगदी सोपे आहे. समजा, कॅमेरा एका जागी धरून चित्रण केले आणि दिव्याच्या खांबाचा माथा पाच फ्रेममध्ये डाव्या कडेपासून अनुक्रमे ८००, ८०६, ७९७, ८०९ आणि ७९८ पिक्सेलांवर आढळला. यांची बेरीज ४०१० आणि सरासरी ८०२. खांब हलत नाही, म्हणून तो सर्व फ्रेममध्ये ८०२ वरच दिसायला हवा. तेव्हा पहिली फ्रेम २ पिक्सेल उजवीकडे, दुसरी ४ डावीकडे, तिसरी ५ उजवीकडे, चौथी ७ डावीकडे आणि पाचवी ४ उजवीकडे सरकवावी. उभ्या दिशेनेही असेच. एवढेच स्थिरीकरण. कोणताही पिक्सेल नव्याने रंगवलेला नाही, फक्त फ्रेमच्या जागा बदलल्या.

एका खुणेवरून सरकणे कळते, कलणे कळत नाही. त्यासाठी दोन खुणा हव्यात आणि त्या एकमेकींपासून जितक्या दूर तितके उत्तम. चित्र १ अंशाने कलले तर मध्यापासून ९६० पिक्सेलांवरचा बिंदू सुमारे १७ पिक्सेल सरकतो, पण १०० पिक्सेलांवरचा दोनहून कमी. जवळच्या खुणांवर मापातील लहानशी चूकही कोनात मोठी होते.

कॅमेरा हेतुतः फिरवला असेल तर सर्व फ्रेमची एकच सरासरी घेऊन चालणार नाही. मग फिरवलेलेच नाहीसे होईल. अशा वेळी सरकती सरासरी घेतात. प्रत्येक फ्रेमसाठी तिच्या आगच्या-मागच्या, समजा प्रत्येकी १२ फ्रेम धरून सरासरी काढली की हाताची थरथर गळून पडते आणि सावकाश वळणे शिल्लक राहते. मथियास ग्रुंडमान, विवेक क्वात्रा आणि इरफान इस्सा यांनी २०११ साली याहून नेटकी रीत सुचवली. कॅमेऱ्याचा मार्ग कोठे स्तब्ध, कोठे एकसारख्या गतीचा आणि कोठे हळुवार वेग घेणारा अथवा सोडणारा, अशा तीनच तुकड्यांचा असावा. अनुभवी छायाचित्रकार तिकाटण्यावर किंवा रुळांवर कॅमेरा ठेवून नेमके हेच करतो.

प्रत्यक्ष कृती

हे सर्व करण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लेंडर हे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य घेता येते. त्यात मोशन ट्रॅकिंगची सोय २०११ अखेरीपासून आहे. कृतीचा क्रम पुढीलप्रमाणे :

१. मूव्ही क्लिप एडिटरमध्ये चित्रण उघडावे आणि एकदा शेवटपर्यंत पाहावे. कोणत्या वस्तू स्थिर आहेत त्यांची कागदावर यादी करावी.

२. कंट्रोल कळ दाबून स्थिर कोपऱ्यावर क्लिक करावे म्हणजे मार्कर उमटतो. लहान चौकोन खुणेला पुरता झाकेल इतका आणि मोठा चौकोन हाताच्या धक्क्याला पुरेल इतका ठेवावा.

३. कंट्रोल व टी या कळांनी माग काढावा. तुटला तर त्या फ्रेमवर मार्कर हाताने नीट बसवून पुढे जावे.

४. जुळणी मागील फ्रेमशी करावी की मूळ ठशाशी, हे ठरवता येते. मागील फ्रेमशी केल्यास लहान चुका साचून खूण हळूहळू घरंगळते. मूळ ठशाशी केल्यास घरंगळत नाही, पण उजेड किंवा कोन बदलला की माग लवकर तुटतो.

५. एखादी खूण गर्दीआड जाणार असेल तर ती नाहीशी होण्यापूर्वीच दुसरी सुरू करावी. काही फ्रेम दोन्ही सोबत असाव्यात.

६. बाजूच्या पट्टीत टूडी स्टॅबिलायझेशन सुरू करून निवडलेल्या खुणा त्यात घालाव्यात. कलणे सुधारण्यासाठी रोटेशनची यादी वेगळी असते.

७. कॅमेरा हेतुतः फिरला असेल तेथे अपेक्षित स्थानाचे आकडे फ्रेमगणिक बदलत न्यावेत. ब्लेंडर सरासरी आपोआप घेत नाही, मार्ग आपण ठरवायचा असतो.

कडेच्या माणसांचा प्रश्न

फ्रेम सरकवली की एका बाजूला रिकामी काळी पट्टी उघडी पडते. ती लपवण्यासाठी सर्व चित्र मोठे करून कडा कापण्याची रूढ पद्धत आहे. तिची किंमत मोजून पाहू. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रात आडवे सरकणे दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल आणि उभे ३० पिक्सेल असेल, तर आडव्या दिशेसाठी १९२० भागिले १८४०, म्हणजे सुमारे ४.३ टक्के आणि उभ्या दिशेसाठी १०८० भागिले १०२०, म्हणजे सुमारे ५.९ टक्के वाढ लागते. मोठा आकडा धरून ६ टक्के वाढवले की मूळ चित्राचा सुमारे ११ टक्के भाग पडद्याबाहेर जातो. थरथर जास्त असेल तर हा भाग याहून पुष्कळ वाढतो.

लग्नाच्या अथवा सहलीच्या चित्रणात हे चालून जाईल. समाजाच्या दस्तऐवजात मात्र कडेला कोण आहे याचा विचार हवा. मिरवणुकीच्या चित्रणात मध्यभागी जे असतात त्यांची छायाचित्रे इतरत्रही मिळतात. कडेला उभी असलेली, अर्धीच दिसणारी, चित्रातून क्षणभरात निघून जाणारी जी माणसे असतात, त्यांचे एवढेच एक चित्र कोठे तरी शिल्लक असू शकते. ते कोणाचे तरी आजोबा आहेत, कोणाची तरी आजी आहे. चित्र देखणे व्हावे म्हणून त्यांना कापून टाकणे आम्हाला मान्य नाही.

यावर साधा उपाय आहे. कडा कापू नयेत. चित्राभोवती रुंद काळी चौकट ठेवावी आणि तिच्या आत मूळ फ्रेम संपूर्ण राहू द्यावी. खिडक्या, खांब, माणसे स्थिर दिसतात आणि चित्राची कडच थोडी हलत राहते. काही क्षणांत डोळ्याला तिची सवय होते. यात प्रत्येक पिक्सेल शाबूत राहतो. हाताचे कंपनही त्या हलत्या कडेत जपले जाते. चित्रण करणारा माणूस गर्दीत चालत होता, याचा तो पुरावाच असतो.

स्थिरीकरणाने काय साधत नाही

हात वेगाने हलत असताना उघडलेल्या शटरमुळे फ्रेम धूसर झालेली असते. ती जागेवर आणली तरी धूसरच राहते आणि स्थिर चित्रात मध्येच चित्र पुसट झाल्यासारखे दिसते. म्हणून पुढे स्थिर करायचे ठरवले असेल तर भर उजेडात शटरचा वेग सेकंदाच्या २०० व्या भागाइतका अथवा त्याहून कमी काळाचा ठेवावा. मोबाईलचा संवेदक चित्र ओळीओळीने वाचतो. वाचताना फोन हलला तर सरळ खांब वाकडा उमटतो. संपूर्ण फ्रेम सरकवून तो सरळ होत नाही.

धूसरपणा काढणे, कापलेल्या कडा भरणे, चेहरे स्पष्ट करणे ही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. येथे सावध राहावे. फ्रेम सरकवणे वेगळे आणि नसलेले भरणे वेगळे. साधन जो चेहरा स्पष्ट करून देते, तो त्या माणसाचा नसून संगणकाने तर्काने काढलेला असतो. ज्या चित्राकडे आपण पुरावा म्हणून पाहतो, त्यात असा तर्क मिसळू नये.

उलट, फ्रेम एकमेकींवर नीट बसल्या की प्रामाणिक मार्गानेही बरेच दिसू लागते. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी उद्यानात स्फोट झाला. त्याचे रात्री हातात कॅमेरा धरून केलेले अंधुक चित्रण अमेरिकेच्या तपास यंत्रणेने नासाच्या डेव्हिड हॅथवे आणि पॉल मायर या शास्त्रज्ञांकडे नेले. एक सूर्याचा अभ्यासक, दुसरा हवामानाचा. त्यांनी फ्रेम सरकवून, फिरवून आणि मापात आणून एकमेकींशी जुळवल्या व त्यांची सरासरी घेतली. चित्रातील कणकण प्रत्येक फ्रेममध्ये निराळी असते, वस्तू मात्र तीच असते. त्यामुळे १६ फ्रेमची सरासरी घेतली की कणकण साधारण चौथ्या हिश्शावर येते आणि मुळात असलेले तपशील वर येतात.

मूळ प्रत आणि नोंद

मूळ फाइलला हात लावू नये. स्थिर केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि सोबत एक लहान नोंद असावी : मूळ फाइलचे नाव, चित्रणाचा दिवस व स्थळ, स्थिरीकरण कोणी व केव्हा केले, कोणते सॉफ्टवेअर वापरले, कोणत्या खुणा धरल्या, चित्र किती टक्के वाढवले. पन्नास वर्षांनी कोणी ही प्रत पाहील तेव्हा काय बदलले आहे हे त्याला कळले पाहिजे. मूळ फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी अथवा दुसऱ्या घरी असावी.

स्वाध्याय

१. पाम बीच मार्गाच्या पदपथावर उभे राहून समोरच्या इमारतींचे २० सेकंदांचे चित्रण हातात फोन धरून करा. दोन खुणा धरून ते स्थिर करा. खुणांमधील अंतर निम्मे करून पुन्हा करा आणि फरक लिहा.

२. त्याच चित्रणात एक खूण मुद्दाम चालत्या बसवर धरा. काय हलते आणि काय थांबते त्याचे वर्णन करा.

३. घरातील एका जुन्या मिरवणुकीचे अथवा सभेचे चित्रण घ्या. कडा कापून एक आणि काळी चौकट ठेवून एक, अशा दोन प्रती करा. पहिल्या प्रतीतून कोण कोण नाहीसे झाले ते मोजा.

माजी विद्यार्थी व पालक यांस विनंती

आपल्या घरी विद्यालयाच्या अथवा वस्तीतील कार्यक्रमांच्या कॅसेट, सीडी किंवा जुन्या मोबाईलमधील फाइल असतील तर त्या आहेत तशाच जपाव्यात. स्वच्छ करण्याचा अथवा नीट करण्याचा प्रयत्न करण्यापूर्वी त्यांची प्रत काढून घ्यावी. चित्र हलते म्हणून कोणतेही चित्रण टाकून देऊ नये, ते पुढेही स्थिर करता येईल. एक काम मात्र आजच करावे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना सोबत बसवून ते चित्रण पाहावे आणि त्यात दिसणाऱ्या माणसांची नावे, गाव आणि नाते वहीत लिहून ठेवावे. कडेला उभ्या असलेल्यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांना ओळखणारे थोडेच उरले आहेत.